गुरुजींच्या मुलाची भेट

बुधवारी सकाळी गाडेकरांचा फोन आला तेव्हा माझ्या टेबलावरच्या अहवालात साथीचे कारण लिहून झाले होते. फक्त सही बाकी होती.

"डॉक्टरसाहेब, आणखी सहा जण पडले," ते म्हणाले. "पार्वतीआत्याला धाप लागलीय. अॅम्ब्युलन्स बोलावलीय."

"भेटी बंद आहेत ना?"

"गेल्या गुरुवारपासनं गेटच्या आत माणूस घेतला न्हाई. तुमचीच ऑर्डर हाय."

मी अहवाल पुन्हा उघडला. त्यात लिहिल्याप्रमाणे आजार आत आणणारा माणूस दहा दिवसांपूर्वी एकदाच येऊन गेला होता. त्यानंतर आजारी पडलेले सगळे जण वेगळ्या हॉलमध्ये होते. मग हे सहा जण कोणाकडून आजारी पडले? या प्रश्नाचे उत्तर माझ्या अहवालात नव्हते. मी सही केली नाही आणि गाडी मागवली.

मी जिल्ह्याच्या साथरोग विभागात काम करतो. आमचे ऑफिस नगरला आहे. रुग्णाला औषध देणे हे माझे काम नाही. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे आजार कोणत्या वाटेने गेला ते शोधणे आणि ती वाट बंद करणे हे माझे काम आहे. बहुतेक वेळ मी माणसांशी बोलतो आणि कागद भरतो. पंचविसाहून अधिक वर्षे हे केल्यावर आपल्याला माणसांशी बोलता येते असा माझा समज झाला होता.

गाडेकर हे पारनेरजवळच्या माळावरील एका वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक. तिथे चाळीसच्या आसपास माणसे राहतात. जानेवारीतल्या एका मंगळवारी तिथल्या ढवळे गुरुजींना ताप भरला. गुरुवारपर्यंत आठ जण तापाने आणि खोकल्याने आडवे झाले. त्या गुरुवारी मी पहिल्यांदा तिथे गेलो. घशातले नमुने घेऊन पुण्याला पाठवले. शनिवारी उत्तर आले: इन्फ्लुएन्झा. तरुण माणूस हा आजार चार दिवस अंगावर काढतो. सत्तरीच्या पुढच्या फुप्फुसाला तो कधीकधी सोडत नाही.

तपासाची सुरुवात लाइन लिस्टने होते. एका ओळीत एक रुग्ण: नाव, वय, खोली, ताप कधी आला, त्याआधी कोणाला भेटला. ही यादी तारखेप्रमाणे लावली की सर्वांत वर जो येतो त्याला आम्ही इंडेक्स केस म्हणतो, म्हणजे आपल्याला सापडलेला पहिला रुग्ण. विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत इन्फ्लुएन्झाला साधारण दोन दिवस लागतात. गुरुजींचा ताप मंगळवारचा. दोन दिवस मागे गेले की रविवार.

गेटजवळच्या स्टुलावर भेटीचे रजिस्टर असे. त्या रविवारच्या पानावर, वळणदार अक्षरात, एक नोंद होती: श्री. ढवळे यांचे चिरंजीव, सुरतहून, दुपारी तीन ते पाच.

मी गुरुजींच्या कॉटशेजारी खुर्ची ओढली. खर्ड्याकडच्या प्राथमिक शाळांत सारी नोकरी केलेला हा माणूस तापातही ताठ बसला होता.

"मुलगा रविवारी आला होता?"

"आला होता. तीनच्या सुमारास."

"कुठे बसला?"

"माझ्याच कॉटवर. दुसरीकडं कुठं बसंल? हे स्वेटर घेऊन आला. म्हणाला, अप्पा, माळावर गारठा लई असंल."

त्यांनी अंगातले स्वेटर दोन बोटांत धरून दाखवले. त्याच्या कोपराला जुना रफू होता. तो मी पाहिला. त्याचा अर्थ त्या वेळी लावला नाही.

"त्याला खोकला होता का?"

गुरुजी थांबले. माझ्या हातातल्या कागदाकडे त्यांनी पाहिले. तिथे एक रकाना रिकामा होता.

"असंल," ते म्हणाले. "होता. थोडा खोकत होता."

उत्तर ज्यात आधीच दडलेले आहे असा प्रश्न कधी विचारू नये, हे मी दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. त्या दिवशी मी स्वतः तो विचारला आणि मिळालेले उत्तर लिहून घेतले.

मुलाचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. 'संपर्क होऊ शकला नाही' असे लिहून मी पुढे गेलो. आजाऱ्यांना पश्चिमेच्या हॉलमध्ये वेगळे ठेवायला सांगितले. बाहेरच्या भेटी बंद केल्या. ऑर्डरच्या शेवटी एक दिलाशाचे वाक्य घातले: नातेवाईकांशी फोनवर बोलावे. भिंतीवर लावलेल्या त्या कागदात कारणही होते, 'सुरतहून आलेल्या नातेवाईकामार्फत'. नाव लिहिले नव्हते. पण त्या आश्रमातल्या एकाचाच मुलगा सुरतेला होता.

संध्याकाळी आमच्या मॅडमचा फोन आला.

"सोर्स मिळाला?"

"मिळाला. बाहेरून आलेला एक नातेवाईक."

"एका दिवसात? छान."

'छान' हा शब्द मला आवडतो हे लपवण्यात अर्थ नाही. बायको नोकरीमुळे नाशिकला असते, मुलगी त्याहून लांब. सावेडीतल्या क्वार्टरमध्ये मी एकटा राहतो. दिवसभरात माझ्या कामाबद्दल कोणी चांगला शब्द बोलले तर तो बहुधा फोनवर आणि ऑफिसातूनच येतो. त्या शब्दामुळे मी पुढचा शोध थांबवला. आज मला हे स्पष्ट दिसते.

बुधवारी पोहोचलो तेव्हा अॅम्ब्युलन्स निघून गेली होती. व्हरांड्यात उन्हाला पाचसहा म्हातारे बसले होते. ताप उतरून हॉलमधून परत आलेले गुरुजीही होते, पण त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तुकाराम नाना म्हणून एक जुने शेतकरी होते, तोंडाने फटकळ. त्यांनी मला गेटमधून आत येतानाच गाठले.

"या, डॉक्टर. आता कोनाच्या पोराचं नाव लावताय भिंतीला?"

"नाना, तब्येत कशी आहे?"

"आमी ठीक. गुर्जींच्या पोरानं आमाला सोडलं. बाकीच्यांला वाटून संपलं असंल." माणसे हसली. "लोकांची पोरं येताना केळी आनत्यात. ह्यांच्यानं सुरतंवरनं ताप आनला."

"चुकलं त्याचं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "खोकला होता तर यायला नको होतं. पण बापाची ओढ, नाना. गर्दीच्या गाडीतून आला बिचारा. त्याच्या वतीनं मी माफी मागतो."

"माफीनं ताप उतरत न्हाई, गुर्जी."

"ते खरं हाय."

एवढे ऐकून घेतानाही त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. त्यावर जे होते त्याला मला तेव्हा नाव देता आले नाही. आता देता येते. आपल्या मुलाने शाळेत खोडी केली तरी गावातल्या लोकांनी त्याला 'गुरुजींचा पोरगा' म्हणून ओळखावे, तसे काहीसे समाधान होते ते.

ऑफिसात बसून मी गाडेकरांकडे मुलाचा नंबर पुन्हा मागितला.

"करायलाच पायजे का फोन?" ते म्हणाले.

"आठवड्यापूर्वीच लागायला हवा होता."

त्यांनी नंबर लिहून दिला. या वेळी फोन उचलला गेला. मी ओळख सांगितली.

"अप्पांना काय झालं?" मुलाने विचारले.

"आता बरे आहेत. तुम्ही इथे येऊन गेलात त्या रविवारबद्दल विचारायचं होतं. तुम्हाला तेव्हा ताप होता का?"

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो लांब गेला. बहुधा माणूस बाहेर येऊन उभा राहिला.

"मी आलो नव्हतो, डॉक्टर. दोन वर्षं झाली मला तिकडं येऊन."

मी लाइन लिस्टमधली पहिली ओळ पाहिली.

"त्यांनी सांगितलं का, मी आलो म्हणून?"

"रजिस्टरमध्ये नोंद आहे."

मग त्याने विचारले, "काय आणलं म्हणाले मी?"

"स्वेटर."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

गाडेकर समोरच बसले होते. त्यांनी सगळे ऐकले होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहिती असतं, साहेब. वॉचमनला दिसत न्हाई, म्हणून ज्याला भेटायला कुणी आलं त्यानंच नोंद करायची अशी आमच्याकडं पद्धत हाय. कुणी आलं न्हाई तरी कुणी कुणी लिहितं. सणाच्या दिवशी जास्त. बाकीचे वाचतात, काही बोलत न्हाईत. कुणी खोडत न्हाई."

"नानांनाही माहीत आहे?"

"नानाला वाटलं, या वेळी खरंच आला असंल. तुम्ही सरकारी कागदावर छापलं ना."

"असे किती जण लिहितात?"

"मोजलं न्हाई. मोजू बी नये."

गुरुजींना मी मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ घेऊन गेलो. तिथे कोणी नव्हते. लांब डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या. मुलाशी बोललो एवढेच मी सांगितले. त्यांनी चष्मा काढला, घडी केली आणि खिशात ठेवला.

"बरा हाय का तो?"

"बरे आहेत."

"आवाज कसा वाटला?"

"चांगला वाटला."

त्यांनी मान हलवली. मग मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्या गुरुवारी विचारायला हवा होता. "गुरुजी, त्या रविवारी तीन ते पाच तुम्ही कुठे बसला होता?"

"फोनच्या खोलीत."

"कोणाचा फोन येणार होता?"

"माझा न्हाई. पार्वतीआत्याचा पण न्हाई. आम्ही ऐकायला बसतो. कुणाची नात कविता म्हणते, कुणाचा जावई भांडतो. मंगल सगळं मोठ्यानं सांगते. दोन तास बरे जातात."

फोनची खोली ही ऑफिसशेजारची लहान खोली होती. ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही त्यांच्यासाठी आश्रमाने एक मोबाईल ठेवला होता. रविवारी दुपारी मंगल नावाची मदतनीस नंबर लावून देई. माळावरच्या वाऱ्याने आवाज ऐकू येत नाही म्हणून खिडकी आणि दार बंद. आत दोन बाकडी. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारेच जास्त.

मी लाइन लिस्ट काढली आणि एकेका नावापुढे एकच गोष्ट विचारत गेलो: रविवारी कुठे होता? पहिल्या आठ जणांपैकी आठही त्या खोलीत होते. चार नंबरच्या खोलीत एकही रुग्ण नव्हता. ती गुरुजींच्या खोलीपासून लांब आहे म्हणून, असे मी अहवालात लिहिले होते. खरे कारण असे की चौथ्या खोलीतल्या सगळ्यांकडे स्वतःचे मोबाईल होते.

मंगलला बोलावले. ती गडबडली होती.

"तुम्हाला सर्दी कधी झाली होती?"

"त्या रविवारच्या आदल्या दिवशी. घरात सगळ्यांनाच हुती. साधीच हुती, साहेब. मास्क लावला हुता."

"फोनच्या खोलीतही?"

"तिथं काढावा लागतो. व्हट दिसल्याबिगर ह्यांना कळत न्हाई. वरडून वरडून सांगावं लागतं." तिचे डोळे भरले. "मला कुनी इचारलंच न्हाई."

खरे होते. गाडेकरांकडून मी राहणाऱ्यांची यादी मागितली होती. काम करणाऱ्यांची मागितलीच नव्हती. सर्दी झालेली बाई बंद खोलीत दोन तास, एकेकाच्या तोंडाजवळ वाकून, मोठ्याने बोलत होती. इन्फ्लुएन्झाला याहून चांगली सोय कोणी करून देऊ शकले नसते.

आणि दुसरा रविवार मी स्वतः घडवला होता. भेटी बंद झाल्या, म्हणून फोन वाढले. एरवी दहाबारा माणसे असत तिथे त्या दिवशी वीस होती. बाकडी पुरली नाहीत, काही जण उभे होते. शिवाय ताप निघाला की पश्चिमेच्या हॉलमध्ये नेतात आणि मग फोन चुकतो, हे सर्वांनी आठवडाभरात पाहिले होते. त्यामुळे दोघातिघांनी रविवारी सकाळी तापाची गोळी घेतली, थर्मामीटर नॉर्मल दाखवला आणि दुपारी खोलीत जाऊन बसले. माझ्या ऑर्डरमधले दिलाशाचे वाक्य त्यांनी शब्दशः पाळले होते. पार्वतीआत्या त्यांच्या मध्ये बसल्या होत्या. त्यांना फोन करणारे कोणीच नव्हते.

पुढचे काम सोपे होते, कारण आता वाट दिसत होती. फोनची खोली बंद केली. मोबाईल व्हरांड्यात आणला, उघड्यावर, खुर्च्या लांब लांब. कर्मचाऱ्यांची रोज सकाळी विचारपूस सुरू केली. सर्दी असेल त्याने घरी राहायचे. हॉलमधल्या माणसांनाही रोज फोन मिळेल असे लेखी दिले, म्हणजे ताप लपवायचे कारण उरणार नाही. आजाऱ्यांना आणि त्यांच्याजवळ बसलेल्यांना विषाणूवरची गोळी दिली. भिंतीवरचा जुना कागद मी माझ्या हाताने काढला. त्याच्या जागी काय लावायचे हे मात्र ठरवले नाही.

पार्वतीआत्या शुक्रवारी पहाटे रुग्णालयातच वारल्या.

दुपारी मी आश्रमात होतो. जेवणाच्या हॉलमध्ये उरलेली माणसे खुर्च्या लांब ठेवून, खिडक्या उघडून बसली होती. गाडेकर दोन शब्द बोलले. मग नानांना राहवले नाही.

"चांगली बाई हुती," ते म्हणाले. "कोनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. गुर्जी, तुमच्या पोरानं नेली तिला."

कोणी हसले नाही. गुरुजींनी हात जोडले. "मला मान्य हाय," ते म्हणाले.

मला ते पाहवले नाही. इथे मी माझे मन तपासून पाहिले आहे, अनेकदा. त्यांच्यावरचा अन्याय मला दिसत होता हे खरे. माझी चूक माझ्या डोळ्यांसमोर दुसरा माणूस वाहतो आहे आणि मला ते ओझे उतरवून मोकळे व्हायचे आहे, हेही तितकेच खरे. मी उभा राहिलो.

"गुरुजींच्या मुलाचा काही दोष नाही," मी म्हणालो. "चूक माझी होती. त्यांचा मुलगा इथे आलाच नव्हता. मी स्वतः फोनवर खात्री केली आहे."

जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला शोभेल असा तो आवाज होता. शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचला.

नानांनी मान खाली घातली. गाडेकरांनी डोळे मिटले. हॉलमधल्या आणखी तीनचार माणसांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली. त्यांनीही रजिस्टरमध्ये काही लिहिले असावे. गुरुजींनी जोडलेले हात हळूच सोडले आणि मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने ते उठून खोलीकडे गेले.

मी त्यांच्यामागे गेलो. ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"गुरुजी, तुमच्यावरचा दोष जावा एवढंच मनात होतं."

"दोष मला परवडत होता, डॉक्टर," ते म्हणाले. "दोष होता तेव्हा मुलगा आलेला होता."

पुढे नवा रुग्ण निघाला नाही. ठरलेले दिवस मोजून आम्ही साथ संपल्याचे जाहीर केले. मॅडमनी दुरुस्त अहवाल वाचला आणि पहिला अहवाल इतका चुकला कसा, असे विचारले. मी चुकीच्या प्रश्नाबद्दल, न मागितलेल्या यादीबद्दल आणि ऑर्डरमधल्या त्या वाक्याबद्दल लिहून दिले. पार्वतीआत्यांचे नाव त्या वाक्याखालीच लिहिले. हॉलमधल्या भाषणाला अहवालात रकाना नव्हता.

गुरुजींनी व्हरांड्यात बसणे सोडले. नाना दोनदा त्यांच्या दाराशी जाऊन आले, असे गाडेकरांनी सांगितले. एकदा तर "गुर्जी, माझा बी भाचा दिवाळीला आला न्हवता, मीच लिहिलं हुतं," असे बाहेरूनच ओरडून सांगितले. दार उघडले नाही. महिन्याभराने गुरुजींनी लांबच्या दुसऱ्या आश्रमात जागा मागितली. तिथे त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. आजारातून पूर्ण बरे झाल्याचे सर्टिफिकेट लागते, ते माझ्याकडेच आले. मी त्यावर 'प्रकृती ठीक' असे लिहून सही केली.

नव्या मुलांना आता मी आणखी दोन गोष्टी सांगतो. बाहेरून कोण आले हे विचारण्याआधी माणूस दिवसभर कुठे बसतो ते विचारावे. आणि आपली चूक सापडली की ती लाइन लिस्टमध्ये दुरुस्त करावी. जेवणाच्या हॉलमध्ये करू नये.